खेळ उतरायलाय, गप बसा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर एक नियमही आला. खेळ उतरत असेल तेव्हा कुणी बोलायचं नाही. खेळ 'लोड' होतो हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला. आम्ही 'उतरतो' म्हणायचो, कारण तो कॅसेटमधून निघून तारेतून त्या काळ्या डब्यात उतरतो, अशी आमची समजूत होती. उतरायला पाच-सहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ घरातल्या चारही माणसांनी तोंडाला कुलूप लावायचं. मला ती शिक्षाच वाटायची. माझं तोंड झोपेतसुद्धा चालू असतं, असं अण्णा म्हणायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते धरणाच्या ऑफिसात कारकून होते आणि आम्ही येलदरीला कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये राहायचो. आई कॅम्पातल्या शाळेत शिकवायची. धाकटा भाऊ आणि मी तिच्याच शाळेत होतो, त्यामुळे आम्हाला दिवसभर तिचा आवाज ऐकू यायचा. शेजारच्या वर्गात असलो तरी भिंतीतून यायचा. ती ओरडायची नाही. आवाजच मुळात भरीव होता आणि प्रत्येक अक्षर सुटं सुटं पडायचं. ती वर्गात 'शांत बसा' म्हणाली की खाली पॉवरहाऊसमधले लोकही गप बसतात, अशी अण्णा तिची चेष्टा करायचे. शाळेत ती पुस्तकातलं मराठी बोलायची. घरी आली की चपलांबरोबर ते मराठीही दाराबाहेर काढून ठेवायची, आणि मग 'काय करायलास रे' आणि 'तिकडं कशाला गेलतीस' सुरू व्हायचं.

कॅम्पात वीज असायची आणि नसायचीही. जिंतूरकडचे पाहुणे आले की म्हणायचे, तुमचं बरं हाय बाबा, तुमच्या उशालाच लाइट तयार होते. नेमके तेव्हाच दिवे जायचे. मग कंदिलाच्या उजेडात पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मस्कतला नोकरीला होता. एका उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला आणि बॅगेतून पाटीएवढा काळा डबा काढून त्यानं तो पलंगावर ठेवला. त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं होती. "कॉम्प्युटर हाय," तो म्हणाला. अण्णांनी तो उलटा करून पाहिला, वजन करावं तसा हातावर तोलला आणि विचारलं, "ह्याचा पडदा कुठाय?"

"पडदा म्हंजी आपला टीव्ही."

आमचा टीव्ही लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, काळा-पांढरा. डोंगराच्या कुशीत राहत असल्यामुळे त्यावर चित्र कमी आणि मुंग्याच जास्त दिसायच्या. बातम्या देणारी बाई कधी दिसलीच तर तिला दोन डोकी असायची. त्या टीव्हीला पहिल्यांदाच काहीतरी धड काम मिळणार होतं, म्हणून मला त्याच्यासाठी आनंद झाला.

मामानं टीव्हीला एक तार जोडली. दुसरी अण्णांच्या टेपरेकॉर्डरला जोडली. खेळ कॅसेटवर होते, गाण्याच्या असतात तसल्याच कॅसेटवर. त्यानं बटण दाबलं आणि आधी एकसुरी लांबलचक शिट्टी वाजली, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा चिरका आवाज सुरू झाला. पडद्याच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या थरथरू लागल्या. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू काय झालं म्हणून हातातल्या पिठासकट दारात येऊन उभ्या राहिल्या. तो आवाज संपत आला आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मामानं ती वाचली आणि कपाळाला हात लावला. "एरर," तो म्हणाला. तो शब्द आम्ही तेव्हा शिकलो.

दुसऱ्या वेळी शेवटी शेवटी अण्णा शिंकले. पुन्हा एरर.

तिसऱ्या वेळी आईनं कुकर खाली उतरवला, अण्णांनी नाकाला रुमाल लावला, काकूंनी दारातच श्वास धरला, आणि खेळ उतरला. पडद्यावर एक खाण आली आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा एक माणूस उभा राहिला. मामा म्हणाला, "डब्याला आवाज सहन होत न्हाई. आत जातो."

कुणालाही त्यात शंका वाटली नाही, कारण आवाज आत जातो हे आमच्या घरात आधीच सिद्ध झालेलं होतं. अण्णा रेडिओसमोर टेप धरून भजनं उतरवून घ्यायचे. त्यातल्या एका भजनात मधोमध माझा भाऊ रडतोय आणि मी 'यानंच आधी चिमटा काढला' असं सांगतेय. कुणीही पाहुणा आला की अण्णा ते भजन हटकून लावायचे. म्हणजे भजनात रडणं जातं, तर खेळात कुकर का जाणार नाही? खेळ तारेतून जातो, तारेला कान नसतात, हे सांगणारं कॅम्पात कुणी नव्हतं. इंजिनिअर साहेब होते, पण तेही एकदा आमच्याकडे खेळ बघायला आले तेव्हा पाच मिनिटं तोंडावर हात ठेवून बसले होते.

असं ते मौन आमच्या घरात राहायला आलं. आई बटण दाबायची आणि म्हणायची, "खेळ उतरायलाय, गप बसा." मग ओठांवर बोट ठेवायची. ते बोट, जरा वाकडं, तर्जनीच्या टोकाला खडूचा पांढरा डाग, मला आत्ताही दिसतं. अण्णा पेपर वाचत असतील तर पान उलटायचे नाहीत. तेच पान पुन्हा वाचायचे, जाहिरातींसकट. भाऊ हाताची घडी घालून टेपच्या फिरणाऱ्या चाकांकडे बघायचा. मी उशी तोंडावर दाबून धरायची. आई मेथी निवडायची. एरवी मेथी निवडताना ती कुणाला तरी पाढे विचारायची, कुणाला तरी दटावायची, काकूंना खिडकीतून हाक मारायची. त्या पाच मिनिटांत मात्र ती एकेक पान सावकाश खुडायची. त्या चिरक्या आवाजाच्या पलीकडून धरणाच्या पाण्याचा आवाज यायचा. कुणी साखर मागायला आलं तर खुणेनं डबा दाखवायचो. लोकांनाही सवय झाली होती. आतून चिरकणं ऐकू आलं की ते ओट्यावर बसून राहायचे आणि ते थांबलं की मगच कडी वाजवायचे.

टेपचा आवाज कमी झाला किंवा वाढला तरी एरर यायचा, हे आईच्या लक्षात आलं. तिनं नेमकी जागा शोधून काढली आणि आवाजाच्या चाकावर तिथं स्वतःची एक टिकली चिकटवली. तेव्हापासून ती टिकली वर आली की खेळ हमखास उतरायचा. मामा म्हणाला, मस्कतमध्येसुद्धा कुणाला हे सुचलेलं नाही. आई आठवडाभर त्या कौतुकावर खूश होती.

सुट्टी संपली. डबा मामानं आम्हाला देऊन टाकला, पण कॅसेटी त्याच्या खोलीतल्या सोबत्याच्या होत्या, त्या परत न्यायच्या होत्या. भावाच्या तोंडचं पाणीच पळालं. मग असं ठरलं, की काकूंचाही टेपरेकॉर्डर आणायचा आणि सगळे खेळ एका मोठ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचे. अडचण एकच होती. चिरकणं सगळ्या खेळांचं सारखंच. कुठला खेळ कुठं सुरू होतो ते ओळखायचं कसं? टेपवर आकडे दाखवणारी खिडकी असते, पण आमचा आकडा भावानं लहानपणी चमच्यानं उचकटून ठेवला होता. तेव्हा आई म्हणाली, "मी सांगते की. प्रत्येकाच्या आधी मी नाव सांगते."

पद्धत अशी होती. आधी तार काढायची, म्हणजे टेप माणसाचं बोलणं घेतो. लाल बटण दाबायचं. आईनं नाव सांगायचं. मग तार लावायची आणि खेळ उतरवायचा. आई साडीचा पदर नीट करून, पाठ ताठ करून टेपसमोर बसली. शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन तीच करायची, तशीच बसली. नावंही तिनंच ठेवली, कारण इंग्रजी नावांचा उच्चार चुकलेला तिला चालला नसता. "पहिला खेळ. खाणीतला माणूस. उडी मारताना घाई करू नये." असं ती शाळेच्या मराठीत म्हणाली. प्रत्येक खेळाला ती एक सूचना जोडत होती. तिला त्याशिवाय राहवणारच नव्हतं.

दुसऱ्या खेळाच्या वेळी गंमत झाली. "दुसरा खेळ. साप. स्वतःच्या शेपटीला तोंड लावू नये," एवढं म्हणून तिला वाटलं, झालं. लाल बटण तसंच दाबलेलं होतं. स्वयंपाकघरातून वास आला आणि ती तशीच, घरच्या बोलीत, माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं ए, दूध बघ की, उतू जायलंय." टेप फिरत होता. मला तो दिसत होता. भावानं डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. मी ओ द्यायला उघडलेलं तोंड हातानं दाबलं आणि पायांचा आवाज न करता आत पळाले. परत आले तर आईनं जीभ चावलेली होती आणि अण्णा पोट धरून, पण आवाज न करता हसत होते. पुन्हा उतरवायला वेळ नव्हता. मामाची एसटी संध्याकाळची होती. ते दूध तसंच राहिलं.

पुढं दोन-तीन वर्षं आम्ही ती कॅसेट वाजवली. सापाचा खेळ लावायचा म्हणजे दर वेळी आई दूध बघायला सांगायची आणि भाऊ मला कोपरानं ढोसायचा. आईला स्वतःला खेळ जमले नाहीत. तिचा खाणीतला माणूस पहिल्याच खड्ड्यात पडायचा. "पडू दे," म्हणायची, "तुमी खेळा." तिला आवडायचं ते उतरण्याचं. संध्याकाळी घरात फार कलकल झाली की ती स्वतःच म्हणायची, "लावा रे एखादा खेळ."

मग बटणं दबायची बंद झाली. पट्ट्या आल्या तरी खेळ येईना. अण्णांची बदली झाली, डबा कुठल्या तरी पोत्यात गेला आणि भाऊ इंजिनिअरिंगला. पहिल्या सुट्टीत घरी आला तोच चिडून. म्हणाला, आपण मूर्ख होतो, तार लावली की बाहेरचा आवाज आत जातच नाही, आपण कितीही बोंबललो असतो तरी खेळ उतरला असता. टेपच्या हेडवरची धूळ आणि आवाजाचं माप, एवढंच कारण होतं. तो हे आईला असं सांगत होता जसं काही तिनं त्याला फसवलं होतं.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मला ठाव होतं की."

"कधीपासनं?"

"पहिल्याच महिन्यात. तुमी भाईर खेळाय गेलतात तवा मी एकदा कुकर लावून खेळ उतरवून बघितला. उतरला." मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. "घर पाच मिनिटं गप बसतंय, माझं काय जायलंय, म्हणलं राहू द्या."

त्यावर आम्ही खूप हसलो. मला आता ते हसू आठवतं आणि तिचं वाक्य आठवतं. तिचा आवाज मात्र मधे आठवेनासा झाला होता. मी हे का लिहायला बसले, त्याचं कारण हे आहे.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे परभणीला राहायला आली. मी इथं कॉलेजात शिकवते. काही वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. जीव वाचला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तेच सांगितलं आणि ते खरंही होतं. आई आता उत्तम जेवते, फिरते, माझ्या भाजीला नावं ठेवते. बोलायचं असेल तर पाटीवर लिहिते. घाईत असेल तर स्टीलच्या पेल्यावर अंगठी वाजवते. एकदा वाजली की 'ये', दोनदा वाजली की 'कितीदा बोलवू'. तिनं कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती मी, एकटी असताना, गाडीवरून जाताना, हेल्मेटच्या आत.

मला तिचा आवाज हवा होता. लाज वाटावी इतका हवा होता. आमच्याकडे तिचे फोटो ढिगानं आहेत. लग्नाच्या कॅसेटमध्ये ती माझ्या कानाशी काहीतरी बोलताना दिसते, पण त्यावर व्हिडिओवाल्यानं सनई चढवून ठेवलीय. फोनवर बोलून पाठवणं तिला कधीच पटलं नाही. समोर माणूस नसताना बोलू कुणाशी, म्हणायची. आणि अलीकडे अलीकडे तर असं व्हायला लागलं, की तिचं एखादं वाक्य आठवायला गेले तर ते मला माझ्याच आवाजात ऐकू यायचं. ते जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वर्गात होते. मुलांना म्हटलं, पान काढून लिहा काहीतरी, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

या दिवाळीत भाऊ पुण्याहून आला. तो आता कॉम्प्युटरमध्येच आहे, मोठ्या पगारावर, चष्मा आणि पाठदुखीसकट. फराळ झाल्यावर त्यानं फोन काढला आणि आईपुढं धरला. त्या जुन्या डब्याचे सगळेच्या सगळे खेळ आता फोनवर फुकट मिळतात. खाण आली, माणूस आला. तसाच पेराएवढा, पण रंगीत. आम्हाला कळलंच नव्हतं की त्याची टोपी लाल आहे. मी आणि भाऊ त्या फोनवर अक्षरशः तुटून पडलो. पन्नाशीकडं झुकलेली दोन माणसं, 'माझी पाळी, माझी पाळी'.

आईनं थोडा वेळ पाहिलं. मग पाटी ओढली आणि लिहिलं, 'लगेच कसा उतरला?'

"आता थांबावं लागत न्हाई आई," भाऊ अभिमानानं म्हणाला.

तिनं ते पुसलं, फोन बाजूला सारला आणि चिवड्यातले खोबऱ्याचे काप वेचू लागली. तिच्या बाजूनं खेळ संपलाच होता. तिच्याकडे बघता बघता मला ते दूध आठवलं. मी भावाचा दंड धरला आणि म्हणाले, "कॅसेट. अरे, आईचा आवाज कॅसेटवर हाय."

पत्र्याच्या ट्रंकेत, अण्णांच्या भजनांच्या कॅसेटींबरोबर ती सापडली. वाजवायला घरात काही नव्हतं. भाऊ म्हणाला, पुण्यात त्याच्या ओळखीचा एक जण आहे, जुने कॉम्प्युटर गोळा करतो, तो ही कॅसेट मशीनला लावून सगळं फोनवर देईल. मी कॅसेट रुमालात गुंडाळून दिली. आईला काही सांगितलं नाही. ऐकवायचंच, असं ठरवलं.

पंधरवड्यानं फोनवर एक फाइल आली. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आत सगळे खेळ होते, ओळीनं, इंग्रजी नावांनिशी. आणि भावाच्या ओळखीच्यानं मोठ्या प्रेमानं लिहिलेला निरोप होता: टेप फार छान जपली आहे, मधेमधे कुणीतरी बोललेलं होतं, ती सगळी घाण साफ केली आहे.

मी भावाला फोन लावला. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या कॅम्पातल्या भांडखोर बायकांची आठवण यावी असं बोलले. त्यालाही धक्का बसला होता. बोलणं उरलं नव्हतं ते नव्हतंच. कॉम्प्युटरवर खेळ घेताना त्या माणसानं फक्त खेळच घेतले होते. "मग कॅसेट?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "ताई, तो काम झालं की कॅसेट ठेवत न्हाई बहुतेक."

तो परत फोन करेपर्यंत मी ओट्यावरचे डबे खाली काढले, पुसले आणि पुन्हा वर ठेवले. आई दार ढकलून उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. मी म्हणाले, "काही न्हाई." तिनं पेला दोनदा वाजवला. तरी मी सांगितलं नाही. आहे म्हणून सांगायचं आणि नाही म्हणून सांगायचं, दोन्ही माझ्या तोंडून निघेना. मग फोन वाजला. कॅसेट टाकायच्या खोक्यात होती, पण खोकं अजून त्या माणसाच्या घरातच होतं. माझा जीव भांड्यात पडला.

कुरिअरवर माझा विश्वास उरला नव्हता. भावानं ती परभणीला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दिली आणि मी सकाळी थांब्यावर जाऊन घेतली. ड्रायव्हरनं ती डॅशबोर्डवर देवाच्या फोटोजवळ ठेवली होती. म्हणाला, तुमच्या भावानं लय बजावून सांगितलं होतं.

आता टेपरेकॉर्डर हवा होता. स्टेशन रोडपासून सुरुवात केली. ज्या दुकानांत पूर्वी रेडिओ दुरुस्त व्हायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. एका मुलानं मला विचारलं, कॅसेट म्हणजे पेनड्राइव्ह का. एकानं माळ्यावरून टेप काढून दिला, तर त्यात उंदरानं घर केलेलं होतं. कॉलेजात विचारलं, शेजारी विचारलं. सगळ्यांकडे होता, आणि सगळ्यांनी मागच्या दिवाळीत भंगारात दिला होता. मला त्या सगळ्यांचा राग आला. मी स्वतःसुद्धा आमचा टिकलीवाला टेप असाच दिला असणार, त्यामुळे राग आणखीच आला.

महिन्याला एकदा आईला तपासायला न्यावं लागतं. रिक्षा ठरलेली आहे. चाचा म्हातारे आहेत, सावकाश चालवतात, आणि खड्डा आला की आधी 'अम्मा, संभालके' म्हणतात. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना सिग्नलला रिक्षा थांबली आणि गाणं मधेच संपलं. खट्ट असा आवाज झाला. चाचांनी हँडलखालून कॅसेट काढली, उलटी केली आणि परत आत सारली. मी कित्येक महिने त्या रिक्षात बसत होते आणि एकदाही तिकडं पाहिलं नव्हतं. कॅसेट माझ्या पर्समध्येच होती. घरी ठेवायची मला भीती वाटायची.

"चाचा," मी म्हणाले, "जरा बाजूला घेता का?"

त्यांनी रिक्षा एका लिंबाखाली उभी केली. इंजिन बंद केलं. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. आई माझ्याकडं बघत होती. मी तिला काही सांगितलं नाही, कारण मला सांगताच आलं नसतं. चाचांनी कॅसेटवर फुंकर मारली, ती आत ढकलली, आणि आमच्या पाठीमागच्या स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली.

"पहिला खेळ," आई म्हणाली. "खाणीतला माणूस. उडी मारताना घाई करू नये."

तो आवाज मी ज्या वर्गात बसून ऐकला होता त्या वर्गासकट आला. भरीव, प्रत्येक अक्षर सुटं. माझ्या डोक्यात जो होता त्यापेक्षा तो पुष्कळ तरुण होता. ती तेव्हा माझ्या आताच्या वयापेक्षा लहान होती, हे मी कधी हिशेबातच घेतलं नव्हतं. मी आईकडं वळले. ती रस्त्याकडं बघत होती. गळ्यावरच्या सुती फडक्यावर तिचा हात होता.

मग शिट्टी वाजली आणि चिरकणं सुरू झालं. रिक्षाच्या चिमुकल्या स्पीकरांना ते झेपत नव्हतं. चाचा दचकले. "खराब हाय मॅडम, टेप अडकली," म्हणत त्यांनी बटणाकडं हात नेला. मीही म्हणणार होते, की हे पुढं ढकला, आईचं बोलणं पुढं आहे.

आईनं चाचांच्या खांद्यावर थोपटलं. ते मागं वळले तेव्हा ती ताठ बसली होती आणि तिचं बोट ओठांवर होतं. तेच बोट, आता आणखी थोडं वाकलेलं. तिनं आधी चाचांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोळ्यांत तिचं जुनं मिश्कील हसू होतं. खेळ उतरत होता.

चाचांनी हात मागं घेतला. आम्ही तिघं गप बसलो. शेजारून दुचाकी जात होत्या, एक भाजीवाला ओरडत गेला, कुणी कुणी वाकून रिक्षात बघत होतं. मी पर्स तोंडाशी धरली होती. पाच मिनिटं कधी नव्हे ती मला पुरली नाहीत. अण्णा असते तर त्यांनी पान उलटलं नसतं.

चिरकणं थांबलं. पुन्हा खरखर. आई मान किंचित तिरपी करून ऐकत होती.

"दुसरा खेळ. साप. स्वतःच्या शेपटीला तोंड लावू नये." मग जरा शांत. आणि मग शाळेच्या बाईंच्या जागी माझी आई बोलली, अगदी कानाशी, "अगं ए, दूध बघ की, उतू जायलंय."

कॅसेटवर त्यानंतर, पुढची शिट्टी वाजेपर्यंत, नुसती खरखर आहे. तेव्हा मला ओ देता आली नव्हती. टेप चालू होता.

"बघते, आई," मी म्हणाले.